समासातील शेरे

आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ची एक जुनी प्रत आहे. बांधणी दोनदा नव्याने केलेली, कोपरे झिजलेले, आणि देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी भरल्यामुळे तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी डकवलेली. ग्रंथालयाच्या पुस्तकात काही लिहू नये, असा नियम दारातच लावलेला आहे. आणि या प्रतीत तो जितका मोडला गेला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही प्रतीत मोडलेला नाही. समासात पेन्सिलीने केलेले शेरे निदान तीन हातांचे आहेत. पहिला हात वळणदार, जुन्या पिढीचा. मल्हारराव होळकरांचे नाव आले की तो जागा होतो आणि ‘खोटे’, ‘साफ खोटे’, ‘सुभेदार असे बोलणार नाहीत’ असे लिहितो. दुसरा हात तिरपा, घाईचा. तो पहिल्याला उत्तर देतो: ‘पुरावा?’ एके ठिकाणी त्याने ‘हे घरचे मत झाले’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. तिसरा हात बारीक अक्षराचा. त्याला या भांडणात रस नाही. छावणीतील उपासमारीच्या वर्णनापाशी त्याने एवढेच लिहिले आहे: ‘येथे पुस्तक मिटले. उद्या.’

गेल्या पावसाळ्यात पुस्तकांची मोजदाद करताना ही प्रत माझ्या हाती आली. नियमाप्रमाणे शेरे खोडावयास हवे होते. त्यासाठी खोडरबर घेऊन बसलोही होतो. परंतु पाने उलटता उलटता लक्षात आले की, या कादंबरीविषयी आमच्या गावात झालेली सर्वांत मोकळी चर्चा या समासातच झाली आहे. सभागृहात ती इतक्या मोकळेपणाने कधी झाली नव्हती. असे का व्हावे, या प्रश्नातून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे ‘मी वाचलेली कादंबरी’ हा कार्यक्रम होतो. एका सभासदाने वीस मिनिटे बोलावे, मग इतरांनी प्रश्न विचारावेत आणि शेवटी चहा, असा त्याचा साधा क्रम. वक्त्यांपैकी बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते: ‘मी काही समीक्षक नाही, पण...’ हे वाक्य विनयाचे आहे खरे, परंतु त्यात एक पळवाटही आहे. समीक्षक नसल्यामुळे आपल्या मताला आधार देण्याची जबाबदारी आपल्यावर नाही, अशी ती सोय असते.

या वाक्यानंतर जे बोलले जाते त्याचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला निकालाचा. ‘अप्रतिम’, ‘रटाळ’, ‘पूर्वीसारखे आता कोणी लिहीत नाही’. साक्षीपुरावा न होताच निकाल लागलेला असतो. दुसरा प्रकार कथानकाचा. वीसपैकी अठरा मिनिटे गोष्ट सांगण्यात जातात. ज्यांनी पुस्तक वाचले आहे त्यांना ती नको असते आणि ज्यांनी वाचलेले नाही त्यांची उत्सुकता तेथेच संपते. तिसरा प्रकार उसन्या मताचा. प्रस्तावनेत, मलपृष्ठावर किंवा पुण्या-मुंबईच्या नियतकालिकात वाचलेले मत आपल्या आवाजात सांगावयाचे. आपल्यासारख्या दूरच्या केंद्रांत हा तिसरा प्रकार विशेष आढळतो. मराठी पुस्तकाचा खरा निकाल तिकडेच लागतो आणि आपण तो उशिरा पोचलेल्या टपालासारखा सोडवून घ्यावयाचा, अशी आपल्या मनाची कोठेतरी समजूत झालेली आहे.

या तिन्ही प्रकारांत एका गोष्टीचा पत्ता नसतो, आणि ती म्हणजे प्रत्यक्ष वाचन. बारीक अक्षरातील तो शेरा पाहा. ‘येथे पुस्तक मिटले. उद्या.’ त्यात निकाल नाही, गोष्ट नाही, उसने मत तर नाहीच. तरीही त्या पानाने एका वाचकाचे काय केले, हे त्यातून कळते. वाचकाचे मत येथून सुरू व्हावे, असे मला वाटते. पुस्तकाने आपल्याला कोठे थांबविले ते आधी सांगावे. का थांबविले ते मग शोधावे. आणि तो शोध घेताना आपण कोण, कोठे बसून वाचतो आहोत, हे लपवू नये. एवढे केले तर ‘मी समीक्षक नाही’ असे म्हणण्याची गरज उरत नाही. मी खोडरबर बाजूला ठेवला आणि पुढील बैठक ‘पानिपत’वरच घ्यावी, असे सुचविले.

१९८८ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी इंदुरात बसून वाचणे आणि पुण्यात बसून वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाऊसाहेबांवर लोकमानसाने ठेवलेला आततायीपणाचा ठपका पुसून काढणे, हा या कादंबरीचा एक उघड हेतू आहे. तो तिने मोठ्या ताकदीने सिद्धीस नेला आहे. परंतु ठपका पुसला जातो तेव्हा तो नाहीसा होतो असे नाही. पुष्कळदा तो दुसऱ्याच्या अंगावर जातो. १७५७ साली दिल्लीत मराठ्यांच्या हाती सापडलेला नजीबखान मल्हाररावांच्या रदबदलीमुळे सुटला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी लढाईच्या अखेरीस मल्हारराव रणातून निघून गेले, या इतिहासातील दोन गोष्टी. त्यांच्या आधारावर सुभेदारांची एक प्रतिमा उभी राहते, आणि ज्यांच्या पणजोबांच्या पणजोबांनी सुभेदारांचे अन्न खाल्ले त्यांना ती वाचवत नाही.

बैठकीत पहिले बोलावयास उठले ते आमच्यातील वयाने सर्वांत वडील सभासद. त्यांचे घराणे होळकरशाहीत कारकुनीपासून चढत गेलेले. त्यांनी सांगून टाकले की, ते वळणदार अक्षरातील शेरे आपलेच, त्याबद्दल ग्रंथालयाने वाटल्यास दंड घ्यावा. आणि पुस्तक आपण निम्म्यावर सोडले, ते पुन्हा हाती घेतले नाही. सुभेदार पळून गेले नाहीत, भाऊसाहेबांच्या सांगण्यावरून बायकामाणसांना सांभाळून नेण्यासाठी निघाले, अशी जी हकिकत आमच्याकडील जुन्या घरांतून सांगितली जाते, ती त्यांनी सांगितली. त्यावर तिरप्या अक्षराचे धनी, जे निवृत्त प्राध्यापक निघाले, शांतपणे म्हणाले, ‘ही हकिकत खरी असेल किंवा नसेल. पण तुम्ही इतिहासाशी भांडता आहात. कादंबरीवर तुमचे म्हणणे काय?’

प्रश्न रास्त होता. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग जे बोलले ते माझ्या मते त्या दिवशीचे खरे समीक्षण होते. ते म्हणाले, ‘भाऊसाहेब रागावतात तेव्हा ते का रागावले हे लेखक मला आतून दाखवतो. सुभेदार रागावतात तेव्हा मी त्यांच्याकडे बाहेरून पाहत असतो. भाऊंच्या मनात मला पुष्कळ वेळ बसू दिले आहे. सुभेदारांच्या मनात तेवढा वेळ मिळाला असता तर मीही कदाचित त्यांना दोष दिला असता. पण मला तो मिळाला नाही, म्हणून मला दोष देता येत नाही.’

‘साफ खोटे’ या शेऱ्यापासून या वाक्यापर्यंतचा प्रवास किती मोठा आहे, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. पहिल्यात घराण्याचा अभिमान दुखावला गेल्याची किंकाळी आहे. दुसऱ्यात तेच दुःख कादंबरीच्या घडणीवर बोट ठेवते: कोणाच्या मनात किती वेळ राहावयाचे, हे ठरविताना कादंबरीकार न्यायही करीत असतो. विशेष हे की, हा मुद्दा पुण्याच्या वाचकाला सहज सुचला नसता. ज्याच्या वाट्याला कमी वेळ आला त्याच्या बाजूला बसलेल्यालाच तो मोजावासा वाटतो. म्हणजे ‘घरचे मत’ हे मत म्हणून कच्चे असेल, परंतु कोठे पाहावे हे ते दाखवू शकते.

या वेळी एक गंमत झाली. आमच्या एका सभासदांच्या सूनबाई माहेरच्या बडोद्याच्या. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही सुभेदारांसाठी एवढे भांडता. दमाजीराव गायकवाडही त्या दिवशी पानिपतावर होते आणि परत आले. त्यांच्यासाठी आमच्याकडे कोणी पुस्तक मिटलेले मी पाहिले नाही.’ सर्व हसले. हसू ओसरल्यावर प्राध्यापकांनी आणखी एक नाव त्यात घातले. पायाला जबर जखम झालेले महादजी शिंदेही पानिपताहून वाचले. मग हळूहळू सर्वांच्याच लक्षात आले. मल्हारराव परत आले, महादजी परत आले, दमाजी परत आले. इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे या तिन्ही ठिकाणच्या सत्ता पानिपताहून परत आलेल्या माणसांनी टिकविल्या, वाढविल्या. आणि त्यांच्या आश्रयाने आपले पूर्वज या मुलखात राहिले. आपण परत आलेल्यांचे वंशज आहोत.

हे एकदा ध्यानात आले की, ‘पानिपत’ आपल्याला का बोचते याचे उत्तर सुभेदारांच्या व्यक्तिचित्राहूनही खोल जाते. शोकांतिका मरणाऱ्यांची असते. विश्वासराव, भाऊसाहेब, इब्राहिमखान गारदी, जनकोजी शिंदे ही त्या कादंबरीची माणसे. त्यांच्या मरणाने तिला उंची येते. जो परत येतो त्याच्यासाठी शोकांतिकेत जागा नसते. असलीच तर भित्र्याची किंवा दगलबाजाची. परंतु इतिहासाला परत येणारेही लागतात. पानिपतानंतर पाच वर्षांनी, १७६६ साली, मल्हारराव आलमपूर येथे वारले. त्या पाच वर्षांत त्या म्हाताऱ्या माणसाने काय सोसले असेल, कोणाकोणाच्या नजरा चुकविल्या असतील, या विषयावर कोणी कादंबरी लिहिली तर ती बहुधा इंदुरातच लिहिली जावी. आजोबांची तक्रार खरे म्हणजे या न लिहिलेल्या कादंबरीसाठी होती. ‘पानिपत’ने ती लिहावयास हवी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिचा विषय तो नव्हता. परंतु एका कादंबरीवरील मत दुसऱ्या कादंबरीची जागा दाखवून देते, हेही वाचकाच्या मताचे एक काम आहे.

बारीक अक्षराची व्यक्ती कोण, हे मात्र त्या दिवशी कळले नाही. कोणीही उठून सांगितले नाही. एका काकूंनी जाता जाता एवढेच म्हटले की, पुरुष मंडळी दोन तास सरदारांविषयी बोलली, फौजेबरोबर निघालेल्या यात्रेकरूंविषयी आणि त्यांच्या मुलांविषयी कोणीच बोलले नाही, आणि आपण ती कादंबरी त्यांच्याचसाठी वाचली होती. ते खरे होते. सुमारे अडीच महिने रसद तुटत गेलेली छावणी, थंडी, आणि लढाईशी काही संबंध नसलेल्या हजारो माणसांची उपासमार हा त्या कादंबरीतील माझ्याही मते सर्वांत बलवान भाग. कोणाची बाजू खरी, या वादाला तेथे काही अर्थच उरत नाही. आम्ही मात्र त्या वादात पुढच्या पानांवर निघून गेलो होतो.

त्यापुढील बैठकीत विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घेतली. १९३९ सालची ही लहानशी कादंबरी निवडण्यामागे आमच्या एका निवृत्त अभियंत्यांचा आग्रह होता. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तीवरील हिंदी प्रवासी चक्रधर, आणि जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू लोकांतील हेर्टा यांची ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. अभियंते म्हणाले, ‘विसाव्या वर्षी मी ही प्रेमकथा म्हणून वाचली आणि हेर्टाच्या प्रेमात पडलो. आता सत्तरीत पुन्हा वाचली तेव्हा प्रेमकथा मला दिसेचना. मला दिसली ती घर सुटलेली, कोणतेच बंदर घ्यावयास तयार नाही अशी माणसे. आपणही घर सोडून आलेलो. म्हणून ही कादंबरी आपली आहे.’

पुस्तक तेच असताना मत बदलते, हे त्यांनी प्रांजळपणे सांगितले, हे चांगले झाले. मत बदलले हे सांगण्यात आपल्याकडे कमीपणा मानला जातो. वस्तुतः पन्नास वर्षांच्या अंतराने केलेली दोन वाचने शेजारी ठेवता आली तर त्यातून पुस्तकाविषयी जितके कळते तितके एका वाचनातून क्वचितच कळते. चक्रधर आधीच्या प्रेमभंगाने कडवट झालेला आहे; स्त्रियांविषयी तो जे बोलतो ते विसाव्या वर्षी धीट वाटते, सत्तरीत पोरकट वाटू शकते. ‘रणांगण’ची ताकद अशी की, चक्रधरावरील आपली श्रद्धा उडाली तरी कादंबरी पडत नाही. उलट त्याच्या पोरकटपणाच्या पार्श्वभूमीवर हेर्टाचे उत्कट आणि निराधार प्रेम अधिक स्पष्ट दिसते.

परंतु ‘ही कादंबरी आपली आहे’ या शेवटच्या वाक्याला त्या बैठकीत उत्तर मिळाले, आणि ते मला आजही अस्वस्थ करते. ज्या काकूंनी पानिपताच्या वेळी यात्रेकरूंची आठवण दिली होती, त्याच म्हणाल्या, ‘आपण घर सोडून आलो, पण निर्वासित म्हणून आलो नाही. आपण सत्तेबरोबर आलो. वतने घेऊन, वाडे बांधून राहिलो. या बोटीवर आपली जागा शोधायची तर ती हेर्टाच्या शेजारी नाही. मुंबईचे बंदर आल्यावर चक्रधर उतरतो, त्याला उतरता येते. हेर्टाला उतरता येत नाही. आपण उतरलेल्यांपैकी आहोत.’

सभागृहात थोडा वेळ कोणी बोलले नाही. स्वतःला पुस्तकातील सर्वांत दुःखी माणसाच्या जागी बसवून वाचणे सोपे असते, आणि सुखाचेही असते. अश्रू येतात, मन हलके होते. त्याऐवजी ज्याने काही केले नाही, जो वाचला, त्याच्या जागी स्वतःला पाहणे कठीण. काकूंचे मत स्वीकारले तर ‘रणांगण’चा अर्थ बदलतो. ती हेर्टाच्या मरणाची कथा राहतेच, शिवाय ती चक्रधराने मागे उरण्याची कथा होते. तो शेवटी जे सांगतो आहे ते एका उतरलेल्या माणसाचे सांगणे आहे. ‘पानिपत’च्या बैठकीतून परत आलेल्यांच्या बाजूचा जो धागा हाती लागला होता, तो येथे अनपेक्षितपणे पुन्हा लागला, आणि या खेपेस त्यात अभिमानाला जागा नव्हती. वाचकाच्या वैयक्तिक मताची ही दुसरी कसोटी मानावी. ते मत आपल्याला सोयीचे आहे का, हे एकदा तपासून पाहावे. फारच सोयीचे असेल तर पुस्तक पुन्हा उघडावे.

तिसरी बैठक ज्या प्रश्नावर गाजली तो प्रश्न आपल्या सर्वच केंद्रांचा आहे. एका सभासदांची नात, महाविद्यालयात शिकणारी, शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’वर बोलण्यास तयार झाली. बोलणे सुरू करण्याआधी तिने सांगितले की, तिने ही कादंबरी हिंदीतून वाचली आहे. घरात मराठी बोलते, परंतु सहा-सातशे पाने मराठीत वाचण्याचा सराव नाही. त्यावर कुजबुज झाली. मराठी कादंबरीवर मराठी मंडळात हिंदी वाचनाच्या आधारे बोलू द्यावे काय? एक-दोघांचे म्हणणे पडले की, हे मंडळाच्या उद्देशाशी विसंगत आहे. अध्यक्षांनी शहाणपणा केला आणि तिला बोलू दिले.

तिने गोष्ट सांगितली नाही. ‘अप्रतिम’ही म्हटले नाही. ती म्हणाली, ‘या पुस्तकात सहा जण बोलतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी श्रीकृष्ण. सहा जण बोलतात म्हणजे कर्ण मला सहा बाजूंनी दिसेल असे वाटले होते. पण सगळ्यांना तो मोठाच वाटतो. आणि सगळे जण सारखेच बोलतात. सारथ्याचा मुलगा आणि राजमाता एकाच भाषेत बोलतात. हे हिंदी अनुवादामुळे झाले की मुळातच तसे आहे, ते मला माहीत नाही. कोणी सांगाल का?’

हा प्रश्न १९६७ पासून ‘मृत्युंजय’वर प्रेम करीत आलेल्या आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता. उत्तर देण्यासाठी कपाटातून मराठी प्रत काढावी लागली. प्राध्यापकांनी शोणाच्या भागातील एक पान वाचले, एकाने कुंतीच्या भागातील. कित्येकांनी ती पाने वीस-तीस वर्षांनी ऐकली असतील. शोणाच्या बोलण्यात थोडा साधेपणा आहे, असे काहींचे मत पडले. परंतु उपमांनी लगडलेली, भारदस्त, एका लयीत चालणारी भाषा सर्वांच्याच तोंडी आहे, हे बहुतेकांना मान्य करावे लागले. मुलीचा आक्षेप मुळासही लागू होता. त्यावर एका सभासदांनी वेगळी बाजू मांडली, तीही विचारात घेण्यासारखी आहे. त्यांच्या मते ‘मृत्युंजय’ हा सहा साक्षीदारांचा जबाब म्हणून वाचणेच चूक. कीर्तनकार जसा सगळ्या पात्रांचे बोलणे आपल्या एकाच वाणीने उभे करतो आणि श्रोत्यांना त्यात खटकत नाही, तशी ती वाचावी. म्हणजे ज्याला मुलगी उणीव म्हणते तोच तिच्या लोकप्रियतेचा पाया असू शकेल. मला स्वतःला मुलीचे म्हणणे अधिक पटले. सहा निवेदक योजणाऱ्या लेखकाने सहा आवाजांचे वचन दिलेले असते, आणि कीर्तनाचा आनंद मिळाला म्हणून ते वचन फिटत नाही. तरीही दोन्ही मते पुस्तकाच्या पानांवरून मांडली गेली, हे महत्त्वाचे.

घरी जाताना ती मुलगी मराठी ‘मृत्युंजय’ नोंदवून घेऊन गेली. तिने ते वाचून संपविले की नाही, याची चौकशी मी अद्याप केलेली नाही. परंतु हिंदीतून वाचणाऱ्या मुलीच्या प्रश्नामुळे मराठीतून वाचणारे दहा ज्येष्ठ मुळाकडे परत गेले, एवढे तरी नोंदवावयास हवे. आपल्या घरांतून मराठी वाचन ओसरत चालले आहे, ही तक्रार आपण प्रत्येक संमेलनात करतो. तीत तथ्य आहे. परंतु नव्या पिढीला आपण काय देतो? पुस्तके देतो, आणि त्यांच्याबरोबर त्यांविषयीचे तयार आदरही देतो. आदराला उत्तर देता येत नाही. मताला देता येते. जेथे उत्तर द्यावयास जागा नाही तेथे तरुण माणूस फार वेळ थांबत नाही.

मराठी कादंबरीशी आपल्या या केंद्रांचे नाते आजचे नाही. पहिली मराठी कादंबरी मानली जाते ती १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’, आणि तिचे कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्म बेळगावचा. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या. त्या पदावरील त्या पहिल्या स्त्री, आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा सविस्तर आढावा घेणाऱ्या समीक्षक. २००१ साली इंदूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद विजया राजाध्यक्ष यांच्याकडे होते. त्यांचाही मान समीक्षक म्हणून मोठा. ग्वाल्हेर आणि इंदूर या दोन्ही शहरांनी व्यासपीठावर कादंबरीच्या जाणकार स्त्रियांना बसविले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु व्यासपीठासमोर बसलेल्यांनी आपले मत नीट मांडावयास शिकल्याशिवाय तो अभिमान पुरा होत नाही. समीक्षक वर्षातून एकदा येतात. वाचक येथेच असतो.

म्हणून एक लहानशी सूचना. आमच्या ग्रंथालयाने नियम बदललेला नाही. पुस्तकात लिहू नये हे योग्यच. मात्र आता प्रत्येक कादंबरीच्या शेवटी आम्ही दोन कोरे कागद डकवीत आहोत. वाचकाने तेथे वाचनाचे साल लिहावे, आपल्याला पुस्तकाने कोठे थांबविले तो पृष्ठांक लिहावा आणि चार ओळींत कारण लिहावे. पूर्वी वाचली असल्यास तेव्हाचे मत काय होते तेही लिहावे. आधीच्या वाचकाशी मतभेद असेल तर सभ्यपणे नोंदवावा. नाव घालावे किंवा घालू नये. ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव आणि गोव्यातील मंडळांनीही हे करून पाहावे. दहा वर्षांनी या कागदांतून आपल्या भागाच्या वाचनाचा जो इतिहास मिळेल तो कोणत्याही अहवालातून मिळणार नाही. त्यांपैकी निवडक मते या त्रैमासिकाकडे पाठविली तर ती येथे छापता येतील, असे संपादकांनी मान्य केले आहे.

पहिला कागद अर्थातच त्या जुन्या ‘पानिपत’च्या प्रतीला लावला. समासातील शेरे मी खोडले नाहीत, त्याबद्दल कार्यकारिणीची क्षमा मागितली आहे. दिवाळीनंतर ती प्रत आजोबांनी पुन्हा नेली आणि दीड महिन्याने परत आणून दिली. कागदावर त्यांचे ते वळणदार अक्षर, थोडे थरथरते: ‘या वेळी शेवटपर्यंत वाचले. सुभेदारांविषयी माझे मत तेच आहे. परंतु जनकोजी शिंद्यांपाशी थांबावे लागले. पोर होते ते. होळकरांच्या घरचा माणूस शिंद्यांच्या पोरासाठी रडला, हे ग्वाल्हेरकरांस कळवावे.’

त्यांच्या इच्छेप्रमाणे कळविले आहे.